केळीच्या खांबावरचं लिंबू

पारोळ्याच्या किल्ल्यासमोर मी दरवर्षी मरायचो. वैशाखात जयंती आली की आमचं मंडळ तिथल्या मैदानात जुन्या काळची लढाई लावायचं, आणि त्या लढाईत शत्रूकडचा जो सरदार सगळ्यांत शेवटी पडतो, तो मी असायचो. मला ते काम मनापासून आवडायचं. मरणाऱ्याला कुणी नावं ठेवत नाही. चार वार अडवायचे, एक वार बगलेत घ्यायचा, डोळे फिरवायचे आणि आडवं व्हायचं. खान्देशातल्या वैशाखात जमीन तव्यासारखी तापते, तेव्हा पडताना पाठीखाली शेला येईल अशा बेतानं पडायचं, एवढीच काय ती त्यातली कला. ती मला चांगली साधली होती.

ही नव्वदीच्या सुरुवातीची वर्षं. मंडळ म्हणजे यावलमधली आम्ही दहा-बारा माणसं. पोटापाण्याला प्रत्येकाचं वेगळं काहीतरी होतं आणि सगळ्यांना नाद मात्र एकच होता. शाळेत चित्रकला शिकवणारे मास्तर ढाली रंगवायचे. दवाखान्यातला कंपाउंडर गुलाल आणि तेल कालवून रक्त तयार करायचा. माझे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान, सगळ्यांचे अंगरखे शिवायचे. यावलच्या स्टँडजवळ त्यांचं शिलाईचं दुकान होतं. मी तिथल्या कचेरीत कारकून म्हणून लागलो होतो आणि त्यांच्याकडेच राहायचो. आमच्या बाजूच्या वीरांना दाजी नवं पांढरं कापड घ्यायचे आणि शत्रूचे अंगरखे उरलेल्या पडद्यांचे शिवायचे, त्यामुळे मी नेहमी मोठमोठ्या फुलांत मरायचो.

तलवारी लाकडी असायच्या, वरून पत्रा ठोकलेला. कोण कुठून वार करणार, कोण कधी मागे सरणार, हे सगळं आधी बसवलेलं असायचं. खरं हत्यार आमच्याकडे एकच होतं, ते म्हणजे पट्टा. तो नानांच्या घरचा. नाना आमचे वस्ताद, यावलजवळचे केळीवाले शेतकरी. तरुणपणी आखाड्यात पट्टा शिकलेले होते, पण आता त्यांचा खांदा गेला होता, म्हणून नुसतं शिकवायचे. पट्टा ज्यांनी हातात घातला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. त्याला तलवारीसारखी मूठ नसते. लांब, लवलवतं पातं आणि मागे कोपरापर्यंत येणारं लोखंडी आवरण, त्याला खोबळा म्हणतात. त्यात हात घातला की मनगट वळत नाही. मारायचं ते खांद्यातून आणि थांबायचं तेही खांद्यातूनच. घाबरलात म्हणून पट्टा टाकून द्याल म्हटलं तर तेही जमत नाही.

लढाई संपली की शेवटी लिंबू असायचं. दाजी मैदानाच्या मधोमध उभे राहायचे, डावा हात आडवा लांब करायचे आणि उघड्या तळहातावर लिंबू ठेवायचे. आमच्यातला एसटीचा मेकॅनिक पट्टा फिरवत यायचा आणि वरून एकच वार करायचा. लिंबाच्या दोन फोडी दोन बाजूंना पडायच्या, तळहाताला ओरखडासुद्धा नसायचा. लोक खरे त्यासाठी थांबायचे. मी तोपर्यंत मेलेला असायचो, पण त्या वेळी एक डोळा किलकिला करून बघायचो आणि वार झाला की पुन्हा मिटून घ्यायचो. आपल्याला यातलं काही करायचं नाही, या विचारानं जे सुख व्हायचं ते काही औरच होतं.

एका वर्षी जयंतीला महिनाभर राहिला असताना मेकॅनिकची बदली नंदुरबारच्या बाजूला झाली आणि तो निघून गेला. आता लिंबाचं काय, म्हणून नानांच्या ओसरीवर सगळे जमले. मला वाटलं, या वर्षी लिंबू राहील. मी तसं म्हटलंही. मग दाजींनी चहाची बशी खाली ठेवली आणि सगळ्यांदेखत सांगून टाकलं की, इतकी वर्षं मेकॅनिकच्या पट्ट्यासमोर लढायला कोण उभं राहतं? याला त्याचे सगळे हात पाठ आहेत. याच्याच हातात पट्टा द्या.

मी तसा जन्माचा काळजीखोर माणूस. कुलूप लावल्यावर चार पावलं जाऊन परत येऊन ते ओढून बघणारा. रॉकेलचा स्टोव्ह विझला की नाही ते बघायला अंथरुणातून उठणारा. कचेरीत एखाद्या कागदावर सही केली तर दुपारभर ती सही माझ्या डोळ्यांसमोर नाचायची. अशा माणसाच्या हातात चार फुटांचं पातं द्यायचं आणि ते त्याच्याच बहिणीच्या नवऱ्याच्या तळहातावर चालवायला सांगायचं, हे दाजींना सुचलं तरी कसं, याचा मला रागच आला. पण ओसरीवर कुणाला त्यात वावगं दिसलं नाही. घरातलाच माणूस आहे, जपूनच मारेल, असं मास्तर म्हणाले. जपून मारण्याची ही वस्तू नव्हे, हे मी सांगायला गेलो तर सगळे हसले.

दाजींच्या मनात काय होतं ते मला नंतर कळलं. पारोळा आमचं गाव, म्हणजे दाजींची सासरवाडी. तिथे त्यांना मान होता, पण तो मशीनवर मान खाली घालून बसणाऱ्या सालस जावयाला असतो तेवढाच. वर्षातून एक दिवस ते सासरवाडीच्या मैदानात सगळ्यांसमोर हात पुढे करून उभे राहायचे आणि पापणी हलवायचे नाहीत. तो एक दिवस ते वर्षभर पुरवायचे. तो सोडायला ते तयार नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात जाऊन, गिऱ्हाईक नाही असं बघून, त्यांना हात जोडले. दुसरं काहीही सांगा, वाटलं तर दोनदा मरतो, पण हे नको. दाजी काजं करत होते. त्यांनी सुई थांबवली नाही.

"हात मना शे, मीच दी राहिनू," ते म्हणाले. "तुले कसानी भीती?"

हात त्यांचा होता हे खरं, पण त्या हातावर अक्काचं घर चालत होतं. उजव्या हातातली सुई सगळ्यांना दिसते. कापड धरणारा, सुईच्या खाली राहून तिला वाट दाखवणारा डावा हात कुणाला दिसत नाही. दाजींच्या डाव्या हाताची बोटं सुईच्या टोकांनी अशी टोचलेली असायची की जेवताना ते लिंबाची फोड पिळू शकत नसत. रस झोंबायचा. अक्का त्यांच्या ताटात वरणावर लिंबू पिळून द्यायची आणि मगच स्वतः बसायची. त्या दिवसापासून मी जेवताना ताटाकडे न बघता त्या बोटांकडे बघायला लागलो. अक्का विचारायची, काय रे, भाजी खारट झाली का?

तिला आम्ही सांगितलं नव्हतं. मेकॅनिक गेल्याचं तिला ठाऊक नव्हतं आणि ते तसंच राहू द्यावं, असं दाजींचं म्हणणं होतं.

सराव नानांच्या केळीत. कचेरीआधी, सकाळी उन्हं वर यायच्या आत. घड काढून घेतलेले केळीचे खांब बागेत तसेच उभे होते. नाना विळ्यानं खांब हाताच्या उंचीवर तोडायचे, वर लिंबू ठेवायचे आणि मी पट्टा चालवायचो. आमच्याकडे कशाचाही सराव करायचा म्हणजे केळीच्या खांबावरच. दुसऱ्या मुलखात काय वापरतात मला माहीत नाही, आमच्या भागात खांबाला तोटा नाही आणि तोडला म्हणून कुणी ओरडत नाही. चीक मात्र सगळीकडे उडतो. तो उडाला तेव्हा पाण्यासारखा दिसतो, पण वाळला की कापडावर तपकिरी डाग पडतो आणि तो डाग त्या कापडाबरोबरच जातो. माझे दोन सदरे त्यात गेले.

पहिले काही दिवस लिंबू नुसतंच उडून जायचं. मग ते चेचायला लागलं. मग एका सकाळी त्याचे सरळ दोन तुकडे झाले आणि खांबाच्या दोन बाजूंना पडले. नानांनी माझ्या पाठीवर थाप मारली. त्यानंतर रोजच तुकडे होऊ लागले. दाजींनी लगेच पारोळ्याला सांगावा धाडला की, या वर्षी आपल्याच गावचा गडी पट्टा चालवणार.

सगळ्यांना वाटलं, आता माझी भीती गेली असेल. उलटंच झालं होतं. लिंबू उडत होतं तोवर मला आशा होती की हे लोक कंटाळून नाद सोडतील. ते कापलं जायला लागलं तशी ती वाटही बंद झाली. अंथरुणावर पडलो की तळहात दिसायचा, पुढचं काही दिसायचं नाही. कचेरीत टाचणी उचलताना माझा हात थरथरायचा आणि पट्टा घातला की थरथरायचा नाही, हे तर मला अजिबातच चांगलं लक्षण वाटत नव्हतं.

जयंतीला आठवडा राहिला होता. एका सकाळी सराव चालू असताना अक्का बागेत आली. कुणाकडे तरी जेवण होतं, तिला केळीची पानं हवी होती. आम्ही तिला पाहिलं तेव्हा ती आमच्याकडे येतही नव्हती. ती मागे, आदल्या दिवशीच्या खांबांपाशी उभी राहून वाकून काहीतरी बघत होती. आम्ही रोज नवे खांब घ्यायचो. जुन्यांकडे परत जाऊन बघायचं आम्हाला कधी सुचलंच नव्हतं.

"हाई काय शे?" तिनं तिथूनच विचारलं.

नाना, दाजी आणि मी तिच्याजवळ गेलो. कालच्या खांबाच्या पांढऱ्या माथ्यावर काळपट तपकिरी रेघा होत्या, सरळ, एकीशेजारी एक. परवाच्या खांबावर त्याहून काळ्या. ताज्या कापलेल्या केळीवर वार झाला तर काही दिसत नाही. मऊ, पाण्यानं भरलेलं अंग, पातं आत जातं आणि फट मिटून जाते. चीक वाळला की मग ती काळी पडते. जितकी लिंबं मी कापली होती तितक्या रेघा तिथे होत्या. लिंबू कापून पट्टा दर वेळी खाली खांबात शिरला होता आणि खांबानंच त्याला थांबवलं होतं. माझा हात एकदाही थांबलेला नव्हता.

अक्काला बाकीचं कुणी सांगायची गरज उरली नाही. माझ्या हातात खोबळा होता आणि दाजी जमिनीकडे बघत होते. तिनं पानं खाली ठेवली, एका रेघेवर बोट ठेवलं आणि दाबलं. बोट पहिल्या पेरापर्यंत आत गेलं. ते तिनं तसंच थोडा वेळ आत ठेवलं.

"खांब वरडत नही भाऊ," ती मला म्हणाली. मग दाजींकडे न बघता तिनं पानं उचलली आणि ती निघून गेली.

नाना बराच वेळ त्या रेघांवरून हात फिरवत राहिले. त्यांच्या तरुणपणी इथे केळी नव्हती, कपाशी होती. त्यांच्या आखाड्यात लिंबू ओल्या मातीच्या गोळ्यावर ठेवायचे, वार खाली गेला की गोळ्यावर लगेच दिसायचा. मेकॅनिकलाही त्यांनी मातीवरच शिकवलं होतं. पुढे विहिरींवर मोटारी आल्या, सगळीकडे केळी झाली, आणि खांब आयते उभे असताना माती कोण कालवणार, म्हणून माती गेली. यात आपलं काही बिघडलं असं इतक्या वर्षांत नानांच्या मनातही आलं नव्हतं, कारण माझ्याआधी लिंबाचा हा वार केळीवर कुणी शिकलंच नव्हतं.

मला वाटलं, सुटलो. आता अक्का घरी दाजींना काय ते सुनावेल आणि लिंबू बंद होईल. मी दिवसभर कचेरीत जवळजवळ आनंदात होतो. रात्री जेवताना तिनं नेहमीसारखं दाजींच्या वरणावर लिंबू पिळलं आणि भाजी वाढली. दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना दाजींच्या सायकलला पत्र्याचा डबा अडकवलेला होता. बागेत जाऊन तो उघडला तर आत चैत्रात केलेले ज्वारीचे बिबडे, म्हणजे आमच्याकडचे मोठाले पापड. वाळून कडक झालेले, हातात जरा जोरात धरले तरी मोडतील असे. अक्कानं ते पाठवले होते आणि एवढंच सांगितलं होतं की लिंबू याच्यावर ठेवा, हा बोलतो.

तिनं नको म्हटलं नाही, याचा मला तेव्हा फार राग आला. आता वाटतं, तिला तिचा नवरा माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होता. तिनं अडवलं असतं तर दाजी तरीही गेले असते, आणि मग तिला न सांगता गेले असते.

बादलीच्या तोंडावर बिबडं, त्यावर बूड चपटं केलेलं लिंबू. पहिल्या वाराला बिबड्याचा भुगा होऊन बादलीत पडला. दुसऱ्यालाही. तो कट्ट असा आवाज यायचा आणि माझे दात आंबायचे. त्या सकाळी एकही बिबडं वाचलं नाही. दाजी शेजारी उभे राहून बघत होते. मी त्यांच्याकडे बघितलं तर त्यांनी डावा हात खिशात घातला होता.

तिसऱ्या दिवशी एक वाचलं. मग मी वेड लागल्यासारखा सराव करू लागलो. खांदा सुजला, रात्री कूस बदलता येईना. कधी लागोपाठ बिबडे वाचायचे आणि मी उगाच देवाचं नाव घ्यायचो, की पुढच्याच वाराला कट्ट. निघायच्या आदल्या सकाळी डब्यात शेवटचं बिबडं उरलं होतं. नाना म्हणाले, राहू दे, कशाला. मी ऐकलं नाही, मला खात्री हवी होती. ते मोडलं.

पारोळ्याला आम्ही एसटीनं गेलो. पट्टा चादरीत गुंडाळून सीटखाली ठेवला होता. कंडक्टरनं हे काय म्हणून विचारलं तर कंपाउंडर म्हणाला, पडद्याची सळई. मी खिडकीशी बसून मनातल्या मनात गाडी बंद पडावी अशी प्रार्थना करत होतो. एरवी अमळनेरच्या अलीकडे हमखास बंद पडणारी गाडी त्या दिवशी सुरळीत गेली. अक्का आदल्या दिवशीच माहेरी गेली होती. आपण मैदानात येणार नाही, असं तिनं सांगून ठेवलं होतं.

मैदान भरलं होतं. किल्ल्याच्या भिंतीच्या सावलीत बायका, पुढे उन्हात पुरुष. ढोल-ताशे असे वाजत होते की स्वतःच्या छातीचे ठोकेही ऐकू येत नव्हते, तेवढं एक बरं झालं. लढाई कशी झाली ते मला आठवत नाही. माझ्या अंगावर पहिल्यांदाच पांढरा अंगरखा होता, आणि फुलाफुलांच्या अंगरख्यात माझ्या जागी कंपाउंडर मेला. तो फारच वाईट मेला. पडल्यावर चटके बसले म्हणून हलला आणि लोक हसले.

मग मैदान मोकळं झालं आणि दाजी मधोमध येऊन उभे राहिले. त्यांनी डावा हात लांब केला. नानांनी त्यावर लिंबू ठेवलं. मी खोबळ्यात हात घातलेला होता आणि आत घामाचं नुसतं पाणी झालं होतं. बायकांमध्ये पुढे, पदर दातांत धरून, अक्का उभी दिसली. ती आली होती.

मी पट्टा फिरवत गेलो. फिरवताना काही वाटत नव्हतं. मग दाजींच्या समोर थांबलो तेव्हा त्यांच्या तळहाताला कंप सुटलेला मला दिसला, इतका बारीक की फक्त लिंबू हलत होतं. इतकी वर्षं तो हात कधी हलला नव्हता. म्हणजे त्यांनाही भीती वाटत होती. आणि तरी त्यांनी हात तसाच पुढे ठेवला होता, माझ्यासमोर. नानांनी मान डोलावली. मी वार केला.

पातं लिंबात गेलेलं मला कळलं. पुढचं काही कळलं नाही, कारण दाजींच्या तोंडून स्स असा आवाज आला आणि त्यांनी झटक्यात मूठ आवळून पोटाशी धरली. चेहरा पिळवटलेला होता. मुठीतून ओल बाहेर येत होती. ढोल थांबले. मी पट्टा टाकायला गेलो तर हात खोबळ्यातून निघेना. मी तो ओढत होतो, हिसडत होतो आणि तोंडानं दाजी, दाजी म्हणत होतो. ज्या लोखंडानं हे केलं ते माझ्याच हाताला चिकटून राहिलं होतं. तसा क्षण माझ्या आयुष्यात पुन्हा आला नाही आणि येऊ नये.

अक्का मैदान ओलांडून पळत आली. त्या काळी गावात एवढ्या लोकांदेखत कुणी बाई अशी पळत नसे. तिनं दाजींची मूठ दोन्ही हातांनी धरली आणि एकेक बोट उलगडलं. मी बघू शकत नव्हतो, तरी बघत होतो.

आत लिंबू होतं. वरून कापलेलं, खालच्या सालीला धरून राहिलेलं. दोन्ही फोडी उघडून पडल्या होत्या आणि रस दाजींच्या बोटांवरून वाहत होता, सुईच्या त्या सगळ्या भोकांतून आत झोंबत होता. तळहातावर रक्ताचा टिपूस नव्हता. पट्टा सालीशी थांबला होता.

"लिंबू शे," अक्का म्हणाली. मोठ्यानं नाही, स्वतःशीच. मग तिनं पदरानं त्यांचा हात पुसला, पुन्हा उलटासुलटा करून पाहिला, आणि दाजींवर अशी चिडली की काय सांगू. झोंबलं तर तोंडानं सांगता येत नाही का, असं ती त्यांना सगळ्या सासरवाडीसमोर विचारत होती. दाजी बिचारे हात चोळत हसत होते. मागून कुणीतरी ओरडलं की अर्धंच कापलं. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या, पण त्या कशासाठी हे त्यांनाही कळलं नसावं. मी पट्ट्यासकट खाली बसलो. जमीन तापलेली होती, शेल्याची आठवण झाली नाही.

संध्याकाळी आमच्या घरी आईनं वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी केली होती. दाजी जावई म्हणून पाटावर, त्यांच्या शेजारी मी. वडील सारखं म्हणत होते की मेकॅनिक लिंबाचे दोन तुकडे करायचा, ते जास्त उठून दिसायचं. मी ऐकून घेत होतो. माझं लक्ष दाजींच्या डाव्या हातावर होतं. तो ताटाशेजारी मांडीवर स्वस्थ पडला होता, पाच बोटांचा, आणि तो तसा आहे यावर माझा अजून विश्वास बसत नव्हता.

अक्का वाढायला आली. तिनं दाजींच्या बट्टीवर वरण घातलं, तूप घातलं. मग लिंबाची फोड हातात घेतली, पण पिळली नाही. ती माझ्यापुढे धरली.

"तू पिळ," ती म्हणाली.

मी फोड घेतली आणि दाजींच्या ताटावर हात नेला. तिथवर गेला आणि तो थरथरायला लागला. मनगट, कोपर, खांदा, सगळंच. रस बट्टीवर कमी आणि ताटाबाहेर जास्त पडला, बिया वरणात पडल्या. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते लपवायला माझ्याकडे मोकळा हात नव्हता, दुसऱ्या हातानं मी तेच मनगट धरून ठेवलं होतं.

दाजी वरणातून एकेक बी वेचून ताटाच्या कडेला ठेवत होते.

"मैदानवर नही हालना तुना हात," ते म्हणाले, "आते कसाले हालस?"

अक्कानं तुपाची वाटी खाली ठेवली.

"हालू द्या त्याले," ती म्हणाली. "आते हालू द्या."